शपथेची परात

मित्रांनो, मी एक जुनी पितळी परात आहे. माझ्या काठाला दोन पोचे आहेत, तळाला एक काळपट डाग आहे आणि माझ्या जिवाला म्हणून स्वस्थता नाही. भांड्याला कसला आलाय जीव, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे! पण ज्या भांड्यावर छत्तीस बायकांनी हात ठेवून शपथ घेतली, त्याला जीव नसून कसं चालेल? माझी हकिगत फार मोठी नाही. पण आता पुन्हा निवडणूक आली आहे, आणि ती सुरू व्हायच्या आत मला सगळं सांगून मोकळं व्हायचं आहे.

माझा जन्म सोलापूरचा. मधल्या मारुतीजवळच्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून आकार दिला. त्या ठोकाठोकीनं मी अगदी वैतागून गेले होते. मग मला चिंच लावून चकचकीत घासलं आणि दुकानाच्या दारात मांडलं. एके दिवशी सांगोल्याकडचा एक मेंढपाळ आला. त्याच्या भाचीचं लग्न होतं. त्यानं मला उचललं, बोटानं वाजवलं, खाली ठेवलं. दुसऱ्या दुकानात जाऊन आला, पुन्हा उचललं. शेवटी म्हणाला, "नाव घाला." दुकानदारानं टोच्यानं टकटक करत माझ्या काठावर लिहिलं, 'केराबाई हिस मामाकडून, १९५६'. मला वाचता येत नाही, पण लोकांनी इतक्यांदा वाचून दाखवलंय की ते मला पाठ आहे.

केराबाईच्या घरात माझे दिवस चांगले गेले. तिचं घर सांगोल्याच्या पुढच्या एका गावाबाहेर, मेंढपाळांच्या वस्तीवर. रोज पहाटे ती माझ्यात ज्वारीचं पीठ मळायची. दुपारी माझ्यात मटकी निवडायची. आणि वर्षातून एकदा, बिरोबाच्या जत्रेला, साऱ्या वस्तीचा भंडारा माझ्यात ठेवला जायचा. भंडारा म्हणजे देवाची हळद. एवढी मोठी परात वस्तीवर दुसरी कुणाकडं नव्हतीच. बायका म्हणायच्या, "परात बगावी तर केरावैनीची." मी शेफारले होते, खोटं कशाला सांगू?

केराबाई शाळेत गेली नव्हती, पण जमीन वाचायची. धुळीत उमटलेले खूर बघून सांगायची, ही आपली गाभण मेंढी, हा पलीकडच्या वाड्यावरचा एडका, हे करडू मागच्या उजव्या पायानं लंगडतंय. तिचा नवरा बिरप्पा हसायचा, पण कळपातलं जनावर चुकलं की मुकाट्यानं तिलाच हाक मारायचा.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. तो आठवला तरी माझं पितळ तापतं. माझ्यात पीठ पडेना. केराबाई खडी फोडायला जाऊ लागली. त्या कामावर सिद्धनाथ नावाचा मुकादम होता. तो बिरप्पाच्याच भावकीतला, बिरोबाचाच भक्त. त्यानं केराबाईचं नाव पहिल्याच दिवशी हजेरीत घातलं. ही गोष्ट ती कधी विसरली नाही. तो पुढं ग्रामपंचायतीचा मेंबर झाला, अंगात कडक इस्त्रीचा सदरा आला. कडबा कापायच्या यंत्रात सापडून उजव्या हाताची करंगळी मात्र अर्धी गेली.

दुष्काळ सरला तरी वस्तीवरची पाण्याची वणवण सरली नाही. विहीर लांब होती आणि तिच्या पायऱ्या निसरड्या होत्या. केराबाईचा मुलगा सोलापुरात मागावर कामाला होता. त्याची बायको मायाक्का सासूजवळ राहायची. अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात डोक्यावर दोन घागरी घेऊन वर येताना मायाक्काचा पाय घसरला. ती तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती. बाळ गेलं. त्या दिवशी केराबाईनं मला घासलं नाही, पीठही मळलं नाही. चुलीसमोर बसून राहिली.

त्याच वर्षी दोन गोष्टी झाल्या. गावाला तालुक्याहून एक हापसा मंजूर झाला, पण तो कुठं बसवायचा हे नव्या पंचायतीनं ठरवायचं होतं. आणि दिवाळीनंतर पंचायतीची निवडणूक लागली. आमच्या भागातून दोघं उभे होते. सिद्धनाथाची निशाणी छत्री. त्याला हापसा स्वतःच्या वाड्यासमोर हवा होता. दुसरी बजाबाई, गावातली सुईण. तिची निशाणी कंदील. ती म्हणाली, "हापसा वस्तीवर बसवीन. दुसरं मला काय बी यीत न्हाय." एवढंच तिचं भाषण. मायाक्काला तेव्हा पुन्हा दिवस गेले होते. चौथा महिना होता. आता तुम्हीच सांगा मित्रांनो, केराबाईचं मत कुणाला पडायला हवं होतं?

पण मत इतकं सरळ चालत नाही. दिवाळी झाली की वस्तीवरचे पुरुष मेंढरं घेऊन लांबच्या मुलखात जातात. मागं उरतात बायका. त्या दुपारी केराबाईच्या दारात बसायच्या आणि मी त्यांच्यामध्ये मटकी घेऊन पडलेली असायची. मी सगळं ऐकायची. एक म्हणायची, "बजाबाई चांगली हाय, पन तिला कोन दीतंय मत? आपलं वाया जायाचं." दुसरी म्हणायची, "सिद्धनाथाचा आवाज कसा मोट्टा हाय, सायबासंगं बोलाय तसाच मानूस लागतो." तिसरीला सिद्धनाथाच्या बायकोनं संक्रांतीला साखर दिली होती. चौथी नुसतीच विचारायची, "तुमी समद्या कुणाला देनार?" आणि मग सगळ्या खाली मान घालून मटकी निवडायच्या. पाणी सगळ्यांना हवं होतं, पण त्याबद्दल पहिल्यानं तोंड कुणीच उघडत नव्हतं. माझ्या अंगाची नुसती लाही व्हायची.

मतदानाला तीन दिवस होते. सकाळी सिद्धनाथ दारात आला. "वैनी, परात द्या वाईच. बिरोबाचं काम हाय."

देवाचं काम म्हटल्यावर केराबाईनं मला धुऊन, पुसून दिलं. त्यानं मला बिरोबाच्या देवळामागं नेलं. माझ्यात चांगला बोटभर जाड भंडारा ओतला, हातानं सपाट केला, मधोमध बेलाची पानं ठेवली. मग इकडंतिकडं बघितलं. आणि मित्रांनो, त्यानं स्वतःचा उजवा हात माझ्या काठाकाठानं पाच ठिकाणी दाबला. हळदीत पाच ठसे उमटले. जणू पाच माणसं शपथ घेऊन गेली होती. ते काम झाल्यावर त्यानं बेलाला नमस्कारही केला, ह्याचं मला अजून नवल वाटतं.

तिथून तो थेट केराबाईकडं आला. वस्तीवर केराबाईचा शब्द चालतो हे त्याला ठाऊक होतं.

"वैनी, गावठानातल्या बायकांनी बेल-भंडारावर हात ठिवला. ह्ये बगा. आता तुमचंच ऱ्हायलंय."

केराबाईनं माझ्यात डोकावून पाहिलं. पाच ठसे तिला दिसले. तिचा चेहरा उतरला. "भावजी, मत द्यायाचं ती दीनच की. शपत कशापाई?"

"समद्यांनी घिटली. तुमी न्हाय म्हनला तर लोक काय म्हनतील? खडीच्या कामावर नाव कुनी लावलं व्हतं, त्ये तर याद हाय न्हवं?"

दाराआड मायाक्का उभी होती. केराबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तिनं पदराला हात पुसला आणि माझ्यावर ठेवला. "छत्रीला मत दीन. न्हाय दिलं तर बिरोबा बगून घील," ती पुटपुटली.

पुढच्या झोपडीत सिद्धनाथाला काही खोटं बोलायची गरजच पडली नाही. "केरावैनींनी हात ठिवला," एवढंच तो म्हणाला. मग तिच्या पुढच्या घरात दोघींची नावं, त्यापुढं तिघींची. दुपारपर्यंत छत्तीसजणींनी शपथ घेतली. प्रत्येकीला वाटलं, सगळ्या एकीकडं आहेत, आपणच एकट्या वेगळ्या कशाला? मी मात्र पहिल्यापासून होते. पहिली कुणीच नव्हती, हे फक्त मला माहीत होतं. मी ओरडून सांगणार होते. पण पितळेला आवाज असला तरी तो कुणी आपटल्याशिवाय निघत नाही, आणि देवाची परात कोण आपटणार?

देवाची हळद सांडायची नाही, म्हणून सिद्धनाथानं मला भंडाऱ्यासकट केराबाईच्या देवापुढं ठेवलं आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी केराबाई हात जोडायला आली. मधला भंडारा छत्तीस हातांनी विस्कटून गेला होता, पण काठावरचे पाच ठसे तसेच होते. आता तिला घाई नव्हती. ती वाकली. खूर बघायची तशी एकेक ठसा बघू लागली. मग एकदम ओरडली, "माया, हिकडं ये गं!"

मायाक्का धावत आली.

"ह्ये बग. पाची एकाच मानसाचं हात हायती. करंगळी बग. पाची ठिकानी अर्दीच."

मायाक्कानं तोंडावर हात ठेवला. "सिद्धनाथ मामा! मग आत्या, शपत खोटीच की!"

केराबाई खाली बसली. "त्येचं हात खोटं असतील माया. माजा तर खरा व्हता न्हवं?"

"मग बाकीच्या बायकांस्नी सांगू या तरी."

"आन त्या काय म्हनतील? केरी शपत मोडाय निमित्त हुडकतीया म्हनतील. नगं. गप ऱ्हा."

मला तिचा राग आला, मित्रांनो. खरंच आला. जिला लंगड्या करडाचा खूर ओळखता येतो, तिनं एवढं ओळखूनही गप्प बसावं? पण रात्रंदिवस तिची घालमेल बघितल्यावर राग टिकला नाही. फसवणूक कळली म्हणून मनावरची गाठ आपोआप सुटत नाही. ती दर घटकेला येऊन माझ्याकडं बघायची, जणू मीच तिच्यावर पाळत ठेवली होती. मी बिचारी देवापुढं पडलेली परात. मतदान ज्या शाळेत व्हायचं, ती कुठं आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

मतदानाचा दिवस आला. केराबाई गेली आणि बोटाला शाई लावून परत आली. आली तशी तिनं माझ्यावर घोंगडं टाकलं. तिनं शिक्का कुठं मारला, मला कळलं नाही. तिथं पडदा होता आणि पडद्याआड ती एकटीच होती.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. बजाबाई एकोणीस मतांनी निवडून आली! वस्तीवर कुणीही हसलं नाही. प्रत्येकीनं म्हटलं, गावठाणातल्या लोकांनी कंदिलाला दिलं असणार. आणि मग एक विचित्र गोष्ट सुरू झाली. बायका एकेकट्या केराबाईकडं येऊ लागल्या. कुणी विस्तव मागायला, कुणी ताकाला, कुणी उगाचच. केराबाई आत गेली की हळूच घोंगडं उचलायचं, भंडाऱ्याला बोट लावायचं आणि पुटपुटायचं, "चुकलं रं देवा. पोराबाळांना काय करू नगंस." आज एक, उद्या दुसरी, परवा तिसरी. कुणाची मेंढी मेली, ती शपथेमुळं. कुणाच्या पोराला ताप आला, तो शपथेमुळं. थंडीत मेंढ्या दरवर्षीच मरतात, हे कुणाला आठवेना. आणि केराबाई चुलीपाशी बसून मायाक्काला म्हणायची, "बग, समद्या कशा देवाच्या पाया पडत्यात. त्यांनी शपत पाळली." असं म्हणून ती दुसरीकडं तोंड फिरवायची.

माझ्यासारखी परात वेडी कशी झाली नाही, मला समजत नाही. साऱ्या वस्तीत मी एकटीच होते जिला माहीत होतं की इथं एकटं कुणीच नाही.

फाल्गुनात वस्तीवर यंत्राची गाडी आली. दोन दिवस जमीन हादरत होती. मग पाणी लागलं आणि हापसा बसला. बजाबाईनं पूजेसाठी मलाच मागून घेतलं. केराबाईनं भंडारा फडक्यात बांधून देवापुढं ठेवला, माझ्यात हळद-कुंकू, नारळ मांडला. सगळी वस्ती गोळा झाली. सिद्धनाथही आला आणि लांब लिंबाखाली उभा राहिला.

नारळ फुटला. बजाबाई म्हणाली, "हं, भरा गं पयली घागर."

कुणीही हललं नाही. एक म्हणाली, "माजी पाठ धरलीया." दुसरी म्हणाली, "तिला म्होरं जाऊ द्या." तिसरी घागर मागं लपवून उभी राहिली. ज्या पाण्यासाठी पायांची चाळण झाली, ते पुढ्यात असताना बायका मागं मागं सरकत होत्या.

"अगं, इख कालवलंय का काय त्यात?" बजाबाई चिडली. आपण केलं तरी काय, हे तिला कळेना.

तेवढ्यात मायाक्का पुढं झाली. तिला आठवा महिना होता. तिनं दांड्याला हात घातला आणि केराबाई ओरडली, "तू नगं!" तिनं धावत जाऊन सुनेचा हात धरला. मग तिनं साऱ्यांकडं पाहिलं, आणि मला वाटलं, आता ही सुनेला घेऊन मागं फिरणार. पण ती बोलली.

"मी शपत मोडलीया. छत्रीला दीन म्हनलं आन कंदिलाला दिलं. शिक्का हातात घिटला तवा मला बिरोबा न्हाय दिसला. ही पोरगी दिसली, इहिरीच्या पायरीवर पडल्याली. त्ये पाप माजं हाय. ह्या पान्यात काय असंल तर मला हूं दे. आदी मी पिते."

तिनं दांडा दाबला. पाणी आलं. ओंजळ लावून ती प्यायली आणि तशीच उभी राहिली.

"मी बी कंदिलालाच दिलं," मागून एक म्हातारी म्हणाली.

"मी बी."

"आमी दोगी जावांनी बी. पन एकमेकीला सांगितलं न्हाय."

बायका रडू लागल्या, हसू लागल्या, एकमेकींना चापट्या मारू लागल्या. मोजल्यावर एकोणतीसजणी निघाल्या. उरलेल्या सातजणींपैकी एक म्हणाली, "मी छत्रीलाच दिलं बाई. शाळंतनं घरापातुर रडत आले." तिला कुणी बोल लावला नाही. पहिली घागर तिलाच भरायला लावली.

मग केराबाईनं पाच ठशांची गोष्ट सांगितली. सगळ्यांच्या माना लिंबाकडं वळल्या. सिद्धनाथानं उजवा हात सदऱ्याच्या खिशात घातला.

"भावजी," केराबाई म्हणाली, "तुमी सोताच पाच येळा शपत घिटली. एक तरी मत छत्रीला पडलं असंल की!"

इतका हशा मी जत्रेतही ऐकला नव्हता. सिद्धनाथ कधी निघून गेला ते समजलंही नाही.

पंधरा-वीस दिवसांनी मायाक्काला मुलगा झाला. बजाबाईनंच सोडवलं. आता रोज सकाळी हापशाचं पाणी तापवतात, मला अंगणात मांडतात आणि त्या पिटुकल्या बाळाला माझ्यात निजवून अंघोळ घालतात. तो पाय झाडतो, माझ्या काठावर लाथा मारतो. भंडाऱ्याचा मान गेला म्हणून मी पहिले दोन दिवस रुसले होते. आता तो यायची वाट बघते.

आणि परवा पुन्हा दोघंतिघं दारात आले. जिल्हा परिषदेची निवडणूक लागली आहे. माणसं नवी होती, सदरे तसलेच होते. "मावशी, तुमची परात द्या की. बेल-भंडार फिरवायचाय."

केराबाई बाळाचं डोकं पुसत होती. तिनं वरही पाहिलं नाही. "न्या की. पन नातू त्यात रोज मुततोय. चालंल का बिरोबाला?"

ती माणसं गेली. पण मला काळजी लागून राहिली आहे, कारण परातींचा काही तोटा नाही. माझ्याइतकी मोठी नसेल, पण दुसऱ्या एखाद्या घरातून ते घेऊन जातील. म्हणून मित्रांनो, तुम्हाला हात जोडून सांगते, तेवढे हात मला असते तर. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही दारात कुणीतरी येईल आणि म्हणेल, सगळ्यांनी दिलं, तुमचंच राहिलं. तेव्हा शेजारच्या घरी जा आणि विचारा. लाजू नका. आम्हा भांड्यांना चिंचेनं घासा, जपून वापरा, आमच्यात पीठ मळा, पोरं न्हाऊ घाला. पण तुमचं मत आमच्याकडं ठेवायला देऊ नका. आम्हाला ते सांभाळता येत नाही. पडद्याआड मी कधी आले नाही, आणि तुमच्या मनात काय आहे ते तुम्ही सांगितल्याशिवाय शेजारणीलासुद्धा कळत नाही.